ग्राफिक्सची प्रॅक्टिकल जुनीच राहू द्या, खालची लायब्ररी बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि बीसीए, बीएस्सीच्या वर्गांत संगणक ग्राफिक्सचे प्रॅक्टिकल आजही टर्बो सी++ या डॉसच्या काळातल्या कंपायलरमध्ये होते. नव्या विंडोजवर ते थेट चालत नाही. म्हणून डॉसबॉक्स हा जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकायचा, त्यात ड्राइव्ह माउंट करायची, निळ्या पडद्यावर रेषा-वर्तुळांचे प्रोग्रॅम टंकायचे आणि आउटपुटची प्रिंट काढून जर्नलला चिकटवायची, असा रिवाज पडला आहे. यावर स्टाफरूममध्ये दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, हा जुना माल अडगळीत टाका आणि सरळ ओपनजीएल ही आजची ग्राफिक्स प्रणाली शिकवा. दुसरी म्हणते, जर्नल, ओरल, एक्स्टर्नल सगळे याच प्रोग्रॅमना सरावले आहेत, चालतंय ते चालू द्या.

आमच्या मते दोघांचेही बोट चुकीच्या जागी आहे. प्रोग्रॅम वाईट नाहीत. ब्रेसनहॅमची रेषा, मिडपॉइंट वर्तुळ, कोहेन-सदरलँडचे क्लिपिंग शिकायला एक ठिपका रंगवणारे ‘पुटपिक्सेल’ हे एकच फंक्शन पुरते, आणि ही मोठी सोय आहे. आजच्या ओपनजीएलमध्ये पहिला त्रिकोण दिसेपर्यंत विद्यार्थ्याने दोन शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम), एक बफर आणि बरेचसे न समजलेले कोड उतरवून काढलेले असते. बदलायची आहे ती प्रोग्रॅमखालची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच. ती आजच्या विंडोज-लिनक्सवर पोर्ट करता येते, म्हणजे तिथे चालेल अशी उतरवता येते, आणि तिची काही पोर्ट तयारही आहेत. तरी प्रयोगशाळा त्यांच्याकडे वळत नाहीत, कारण पहिल्याच दिवशी दहा एरर येतात आणि सर म्हणतात, राहू दे, डॉसबॉक्स लाव. त्या एरर कुठून येतात आणि त्यावर काय करायचे, हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी अडचणीचे मूळ. टर्बो सी जो प्रोग्रॅम बनवते तो १६-बिटी डॉसचा असतो. ६४-बिटी विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा घटकच ठेवलेला नाही, कारण प्रोसेसर ६४-बिटी मोडमध्ये गेला की त्याचा व्हर्च्युअल ८०८६ मोड मिळत नाही. त्यामुळे ‘कंपॅटिबिलिटी मोड’वर टिचक्या मारून काही होत नाही. डॉसबॉक्स चालतो, कारण तो अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो.

ग्राफिक्सची लायब्ररी म्हणजे बोरलंड ग्राफिक्स इंटरफेस, बीजीआय. हेडर ग्राफिक्स डॉट एच, त्यात ऐंशीच्या आसपास फंक्शन. ग्राफिक्स मोड सुरू करणाऱ्या ‘इनिटग्राफ’ला जो फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो त्यात ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय नावाचा ड्रायव्हर असतो, आणि ट्रिप, लिट, सॅन्स, गॉथ या नावांच्या सीएचआर फाइलींत रेघांनी काढलेले फॉन्ट असतात. व्हीजीएहाय मोडमध्ये पडदा ६४०×४८० पिक्सेलचा आणि रंग १६. ड्रायव्हर ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत थेट लिहितो. एकेका पिक्सेलचे चार बिट मेमरीच्या चार वेगळ्या थरांत, म्हणजे प्लेनमध्ये, जातात, प्रत्येक प्लेन ३८,४०० बाइटची. आजची ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्याही प्रोग्रॅमला हार्डवेअरला असा हात लावू देत नाही. म्हणून पोर्ट करायचे म्हणजे ही ऐंशी नावे आणि त्यांचे वागणे जसेच्या तसे ठेवायचे, आणि खाली कार्डाऐवजी खिडकी द्यायची. नावे ठेवणे सोपे आहे. घाम काढते ते वागणे.

तयार पोर्टपैकी तीन आपल्याकडे जास्त दिसतात. पहिले विनबीजीआयएम, कोलोरॅडो विद्यापीठाच्या मायकेल मेन यांनी विंडोजसाठी वाढवलेले. कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी++ या एडिटरांबरोबर वापरतात ते हेच. याच्या तीन खोड्या ठाऊक असल्या की निम्मा त्रास वाचतो. हेडर सी++ चे आहे, त्यामुळे फाइलचे एक्स्टेन्शन डॉट सीपीपी हवे. डॉट सी ठेवले की हेडरच्या आतच एररची माळ लागते. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींत ३०२ व्या ओळीवर ‘राइट’ हे पॅरामीटरचे नाव दोनदा आले आहे; आधीच्या ‘लेफ्ट’नंतरचे नाव ‘टॉप’ करायचे, की फाइल कंपाइल होते. आणि लायब्ररीची फाइल ३२-बिटी आहे. ६४-बिटी मिनजीडब्ल्यू हा कंपायलर तिला ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून वगळतो आणि पुढे ‘इनिटग्राफ सापडत नाही’ म्हणतो. विद्यार्थी वर्गभर इनिटग्राफ शोधत बसतात, दोष कंपायलर कुठला घेतला यात असतो. प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला बीजीआयबरोबर जीडीआय३२, कॉमडीएलजी३२, यूयूआयडी, ओलेऑट३२ आणि ओले३२ ही नावेही द्यावी लागतात.

दुसरे लिनक्सवरचे लिबग्राफ, आवृत्ती १.०.२. हे आम्ही कोणालाच सुचवणार नाही. ते एसडीएल (खिडकी, चित्र, कीबोर्ड हाताळणारी लायब्ररी) १.२ वर आणि गाइल या स्क्रिप्टिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर अवलंबून आहे. नव्या उबुंटूत ती आवृत्ती मिळत नाही. मग कोणीतरी मंचावर वाचून २०१६ च्या उबुंटूची रिपॉझिटरी सोर्स लिस्टमध्ये घालतो, आणि पुढच्या अपडेटला मशीन मोडते. एवढे करून चालले तरी मध्येच ‘एक्सइनिटथ्रेड्स बोलावलेले नाही’ अशी तक्रार करून प्रोग्रॅम पडतो.

तिसरे एसडीएल-बीजीआय, गिदो गोंझातो यांचे, एसडीएल २ वर उभे. विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालते, सी आणि सी++ दोन्हींत. आज नव्याने सुरुवात करायची तर हेच घ्यावे. विंडोजवर एमएसवायएस२ हा साधनांचा संच टाकून त्यातला ६४-बिटी जीसीसी कंपायलर वापरला की पुरते. खिडकी डॉसच्या मापाची हवी असेल तर ‘एसडीएल-बीजीआय-आरईएस’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘व्हीजीए’ द्यायचे, आणि रंग हुबेहूब हवे असतील तर ‘एसडीएल-बीजीआय-पॅलेट’ला ‘बीजीआय’. मूळ नावांत आडव्या डॅशऐवजी अंडरस्कोर आहे, एवढे लक्षात ठेवावे.

तयार पोर्ट आहे तर स्वतः करण्याची उठाठेव कशाला? दोन कारणे. महाविद्यालयाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये असे कोड असते जे कोणत्याच पोर्टमध्ये जसेच्या तसे चालत नाही, आणि ते दुरुस्त करायला आतली रचना कळावी लागते. दुसरे, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यासारखा विषय नाही. चार विद्यार्थी एका सत्रात उपयोगी पडणारे पोर्ट नक्की उभे करू शकतात. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ची आणखी एक प्रत काढण्यापेक्षा हे बरे.

तर रचना. पहिला निर्णय सगळ्यात महत्त्वाचा: आतला पडदा रंगांचा ठेवायचा की रंगक्रमांकांचा? नवशिका सरळ एसडीएलचा ‘ड्रॉ पॉइंट’ बोलावतो आणि लाल-हिरवा-निळा देऊन मोकळा होतो. तसे करू नये. आपल्या मेमरीत ६४०×४८० चा, पिक्सेलमागे एक बाइट असा ३,०७,२०० बाइटचा तक्ता ठेवायचा आणि त्यात ० ते १५ हा क्रमांकच लिहायचा. दाखवायची वेळ आली की १६ रंगांच्या कोष्टकातून तो ३२-बिटी रंगांत उतरवायचा आणि एसडीएलच्या ‘स्ट्रीमिंग’ टेक्श्चरमध्ये, म्हणजे वारंवार बदलता येणाऱ्या चित्रात, भरायचा. याचे फायदे लगेच दिसतात. ‘गेटपिक्सेल’ने क्रमांकच परत द्यायचा असतो, बाउंडरी फिलचा (कडेपर्यंत रंग भरण्याचा) प्रत्येक प्रोग्रॅम त्यावर चालतो. ‘सेटपॅलेट’ने एक रंग बदलला की डॉसमध्ये पडद्यावर आधीच काढलेले त्या क्रमांकाचे सगळे पिक्सेल तत्क्षणी बदलतात, क्रमांकांचा तक्ता असेल तर हे फुकटात मिळते, रंगांचा असेल तर मिळतच नाही. शिवाय विंडोजवर खिडकीचे माप बदलताना ग्राफिक्स कार्डाकडचा मजकूर कधी कधी पुसला जातो. मूळ प्रत आपल्याकडे असली की पुन्हा भरता येतो.

कोष्टक भरताना एक खुबी. व्हीजीएच्या १६ रंगांत लाल, हिरवा, निळा यांचे बिट प्रत्येकी १७० देतात आणि तीव्रतेचा बिट तिन्हींत ८५ मिळवतो. म्हणजे ७ क्रमांकाचा राखाडी १७०, १७०, १७०. १४ चा पिवळा २५५, २५५, ८५. या नियमाला अपवाद एकच, ६ क्रमांकाचा. नियमाने तो मळकट पिवळा, १७०, १७०, ० व्हायला हवा; प्रत्यक्षात हिरवा निम्म्यावर आणून तपकिरी केला आहे: १७०, ८५, ०. आणि ‘सेटपॅलेट’ला जो रंग द्यायचा तो ० ते १५ मधला नसून ० ते ६३ मधला ईजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा क्रमांक असतो. तपकिरी तिथे २०, गडद राखाडी ५६, पांढरा ६३. हा फरक न पाळल्यामुळे पॅलेट बदलणारे प्रोग्रॅम भलतेच रंग दाखवतात.

हा तपकिरी पुढे आणखी नडतो. चेंडू उडवण्याच्या, घड्याळाच्या, गाडी सरकवण्याच्या प्रोग्रॅमचा प्राण म्हणजे ‘पुटइमेज’चा एक्सॉर प्रकार (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०): चित्र एकदा टाकले की दिसते, त्याच जागी पुन्हा टाकले की पार्श्वभूमी जशीच्या तशी परत येते. एसडीएलच्या ठरावीक ब्लेंड मोडमध्ये एक्सॉर नाही. क्रमांकांच्या तक्त्यावर मात्र तो एका ओळीचा. कोणी रंगांच्या तक्त्यावर एक्सॉर केला तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पांढऱ्यावर निळा एक्सॉर केला: क्रमांकांत १५ आणि १ मिळून १४, पिवळा, रंगांतही २५५, २५५, ८५, पिवळाच. वरचा नियम सरळ बिटांचा असल्यामुळे पंधरा रंगांना हिशोब जमतो आणि पोर्ट करणारा खूश होतो. तपकिरी आला की गणित मोडते: १५ आणि ६ मिळून क्रमांकांत ९, म्हणजे ८५, ८५, २५५ असा फिकट निळा, रंगांत ८५, १७०, २५५, जो सोळांपैकी कोणताच रंग नाही. आता त्या जागी ‘गेटपिक्सेल’ केले तर उत्तर काय द्यायचे? याहून जास्त वेळा घडणारी चूक पारदर्शकतेच्या बाइटची. ३२-बिटी रंगात वरचा बाइट २५५ असतो. २५५ एक्सॉर २५५ म्हणजे शून्य, म्हणजे पिक्सेल पूर्ण पारदर्शक. ब्लेंडिंग चालू असेल तर चित्र आहे पण दिसत नाही, अशी अवस्था होते आणि दोष ‘पुटइमेज’मध्ये शोधला जातो.

दुसरा मोठा प्रश्न पडदा दाखवायचा केव्हा. डॉसमध्ये पिक्सेल लिहिला की दिसला. एसडीएलमध्ये काढणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. प्रत्येक ‘पुटपिक्सेल’नंतर ‘प्रेझेंट’ बोलावला आणि पडद्याची गती सेकंदाला ६० ला बांधलेली असली, तर सेकंदाला ६० पिक्सेल होतील. पूर्ण पडदा भरायला ५,१२० सेकंद, म्हणजे ८५ मिनिटे. ‘एसडीएल फार स्लो आहे’ ही तक्रार ऐकू येते तिचे कारण हेच. उलट टोकाला, दाखवणे कळ दाबण्याची वाट पाहणाऱ्या ‘गेटच’पर्यंत लांबवले तर रेषा हळूहळू पुढे सरकताना दिसत नाही, आणि अल्गोरिदम शिकवताना तेच तर दाखवायचे असते.

वेगळा थ्रेड (समांतर चालणारे काम) काढून त्यातून पडदा रंगवावा असे पहिल्यांदा सुचते. ते टाळावे, कारण एसडीएलची रेंडरिंगची फंक्शन मुख्य थ्रेडवरूनच बोलवायची असतात. लिनक्सच्या एका मशीनवर चालले आणि दुसऱ्यावर कोसळले, असे होते. साधा आणि भरवशाचा उपाय असा: लायब्ररीच्या प्रत्येक फंक्शनच्या शेवटी घड्याळ पाहायचे. शेवटचे दाखवून १६ मिलिसेकंद झाले असतील तर इव्हेंट (खिडकीकडे आलेल्या कळ, माउस वगैरेंच्या सूचना) उपसायचे, टेक्श्चर भरायचे, दाखवायचे. झाले नसतील तर तसेच परतायचे. व्हीसिंक, म्हणजे पडद्याच्या गतीशी बांधणे, मागायचा नाही, नाहीतर ‘प्रेझेंट’ स्वतःच अडून बसतो. दर खेपेस सव्वाबारा लाख बाइट हलतात. सेकंदाला ६० वेळा धरले तरी साडेसात कोटींच्या आत, आजच्या कुठल्याही मशीनला किरकोळ. टेक्श्चर ‘लॉक’ करून भरत असाल तर ओळीची लांबी २,५६० बाइट असेलच असे धरू नका. एसडीएल जी ‘पिच’, म्हणजे ओळीची खरी लांबी, परत देते तीच वापरा, नाहीतर चित्र तिरके फाटते.

इव्हेंट उपसणे विसरले तर काही सेकंदांत विंडोज खिडकी पांढुरकी करून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. म्हणून ‘डिले’सुद्धा लायब्ररीत आपणच लिहायचा: ५०० मिलिसेकंद एकदम झोपायचे नाही, दहा-दहाच्या तुकड्यांत झोपायचे आणि मध्ये इव्हेंट पाहायचे. ‘केबीहिट’ने कळ दाबली का ते विचारत फिरणारे रिकामे लूप आपल्या प्रोग्रॅममध्ये पावलोपावली असतात, त्यात एक मिलिसेकंदाची झोप घातली नाही तर प्रोसेसरचा एक कोर शंभर टक्के तापतो आणि लॅपटॉपचा पंखा ओरडू लागतो. खिडकीच्या फुलीचेही ठरवावे लागते. डॉसमध्ये फुली नव्हती, म्हणून जुन्या प्रोग्रॅमला ती कळत नाही. लायब्ररीनेच ‘क्लोजग्राफ’ करून बाहेर पडावे.

कीबोर्डाची भानगड वेगळीच. बाणाची कळ दाबली की डॉसचा ‘गेटच’ आधी ० देतो आणि पुढच्या खेपेस स्कॅन कोड: वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. पोर्टमध्ये दोन बाइटची ही जोडी रांगेत तशीच घालावी, म्हणजे गाडी सरकवणाऱ्या प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. आणि ‘गेटच’ खिडकीकडून कळ घेतो, ‘स्कॅनएफ’ टर्मिनलकडून. ‘इनिटग्राफ’नंतर ‘स्कॅनएफ’ असलेला प्रोग्रॅम अडकल्यासारखा दिसतो, तेव्हा तो मागच्या टर्मिनलमध्ये आकड्याची वाट पाहत असतो. डॉसमध्ये ‘प्रिंटएफ’ ग्राफिक्सच्या पडद्यावरच उमटायचा; इथे तोही टर्मिनलमध्ये जातो. लायब्ररीतून यावर चांगला इलाज नाही. आकडे ‘इनिटग्राफ’च्या आधी घ्यावेत आणि पडद्यावरचा मजकूर ‘आउटटेक्स्टएक्सवाय’ने लिहावा, एवढा बदल प्रोग्रॅममध्येच करून टाकावा.

विंडोजवर लिंक करताना हमखास येणारी एरर: ‘एसडीएल-मेन सापडत नाही’. एसडीएलचे हेडर मॅक्रोने ‘मेन’चे नाव बदलते आणि दोन ठरावीक पॅरामीटरची अपेक्षा करते. आपल्याकडचे प्रोग्रॅम ‘व्हॉइड मेन’वाले. यावर उपाय, आपल्या ग्राफिक्स डॉट एच मध्ये एसडीएलचे हेडर अजिबात आणायचे नाही. ते फक्त लायब्ररीच्या आतल्या फाइलीत, ‘एसडीएल मेन हँडल्ड’ हे डिफाइन करून आणायचे, आणि ‘इनिटग्राफ’मध्ये ‘एसडीएल सेट मेन रेडी’ बोलावायचे. विद्यार्थ्याला ‘इंट मेन’ लिहायला लावायचे ते वेगळ्या कारणासाठी: सी++ मध्ये ‘व्हॉइड मेन’ नियमाबाहेर आहे आणि जीसीसी ते घेत नाही. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ही गेले, सी++ चे पहिले प्रमाण १९९८ चे आणि टर्बो सी++ ३.० त्याआधीची. नेमस्पेस, बूल हे तिला माहीतच नाही.

आता आकड्यांचे माप. टर्बो सीमधला ‘इंट’ १६-बिटी, कमाल ३२,७६७. जीसीसीत तो ३२-बिटी. याचा बहुतेक वेळा फायदाच होतो. मिडपॉइंट लंबवर्तुळात त्रिज्येचा वर्ग लागतो. १८१ चा वर्ग ३२,७६१, १८२ चा मर्यादेबाहेर. त्रिज्येच्या वर्गाला पुन्हा दुसऱ्या त्रिज्येने गुणायचे असते, त्यामुळे १०० आणि ५० इतक्या लहान त्रिज्यांनाही पाच लाख येतात आणि ‘लाँग’ न वापरणाऱ्याचे लंबवर्तुळ वेडेवाकडे निघते. पोर्ट केल्यावर तेच कोड अचानक बरोबर चालते. परीक्षकाने ‘लाँग का?’ विचारले तर उत्तर देता यावे, म्हणून विद्यार्थ्याला हे सांगायला हवे. ‘इमेजसाइझ’ मात्र डॉसमध्ये ६४ किलोबाइटच्या आत अडकलेले. पूर्ण पडद्याला चार प्लेन मिळून १,५३,६०० बाइट लागतात, म्हणून जुन्या प्रोग्रॅममध्ये पडदा तुकड्यातुकड्यांनी साठवलेला दिसतो. तो तसाच चालतो, बदलू नये. काही प्रोग्रॅम मात्र ‘गेटइमेज’ने भरलेल्या जागेतले पहिले दोन १६-बिटी आकडे थेट वाचून रुंदी-उंची काढतात, त्यांच्यासाठी शीर्षकाचा आकार जुन्यासारखाच, दोन-दोन बाइटचा ठेवावा.

‘फार’, ‘निअर’, ‘ह्यूज’ हे डॉसच्या पॉइंटरांचे शब्द हेडरमध्ये रिकामे डिफाइन करून टाकले की संपले. ‘इंट८६’ने, म्हणजे थेट इंटरप्ट बोलावून, माउस वाचणारे प्रोग्रॅम भेटतात: इंटरप्ट ३३ (सोळा-मानात), फंक्शन ३. त्यासाठी ‘इंट८६’ नावाचे छोटे फंक्शन लिहून हा एक इंटरप्ट तेवढा एसडीएलच्या माउसला जोडावा, बाकीच्यांना स्पष्ट एरर द्यावी. कार्डाच्या मेमरीत पॉइंटरने थेट लिहिणारे प्रोग्रॅम मात्र वाचवू नयेत. ते पुन्हा लिहिणेच स्वस्त पडते.

पुनरावृत्ती करणाऱ्या फिलच्या प्रोग्रॅमचे दुखणे जुने आहे. टर्बो सीचा स्टॅक, म्हणजे फंक्शन बोलावताना लागणारी मेमरी, मुळात ४,०९६ बाइटचा. चार दिशांनी स्वतःला बोलावणारा बाउंडरी फिल काहीशे पातळ्यांत तो संपवतो, म्हणूनच जर्नलमधले चौकोन इतके लहान असतात. लिनक्सवर मुख्य थ्रेडला साधारण ८ मेगाबाइट मिळतात. चौकोन मोठा केला तर तेही संपतात, आणि पडदाभर फिल केल्यावर फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ दिसतो. लायब्ररीतला ‘फ्लडफिल’ मात्र आडव्या पट्ट्यांचा, स्वतःची रांग ठेवणारा लिहावा. तिथे पुनरावृत्ती नको.

चाचणी कशी करायची? डॉसबॉक्स इथेच खरा कामाला येतो. त्यात कंट्रोल-एफ५ दाबले की पडद्याची पीएनजी ‘कॅप्चर’ फोल्डरमध्ये पडते. डीडीए, ब्रेसनहॅम, वर्तुळ, लंबवर्तुळ, दोन्ही फिल, स्कॅनलाइन, दोन्ही क्लिपिंग, द्विमितीय रूपांतरे, बेझिए, कोख असे नेहमीचे प्रोग्रॅम मूळ टर्बो सीत चालवून त्यांच्या प्रती ठेवाव्यात, आणि पोर्टच्या पडद्याशी पिक्सेलनिहाय ताडून पाहाव्यात. ‘पुटपिक्सेल’ने काढलेली, पूर्णांकांवर चालणारी चित्रे शंभर टक्के जुळलीच पाहिजेत, एक पिक्सेलही सोडू नका. डीडीएमध्ये क्वचित एका पिक्सेलचा फरक येईल, कारण डॉसच्या काळात अपूर्णांकांची बेरीज ८०-बिटी कोप्रोसेसर पद्धतीने व्हायची आणि ६४-बिटी जीसीसी ३२-बिटी ‘फ्लोट’ तसाच ३२-बिटीत जोडतो. नेमक्या अर्ध्यावर आलेला बिंदू इकडचा तिकडे पडतो. तो फरक स्वीकारावा आणि जर्नलमध्ये तसे लिहावे. लायब्ररीच्या ‘सर्कल’, ‘आर्क’, जाड रेषा यांत थोडे अंतर चालेल, पण वर्तुळात कुठे एका पिक्सेलची फट राहिली नाही ना, हे बघा. फट राहिली की ‘फ्लडफिल’ तिच्यातून निसटतो आणि अख्खा पडदा रंगतो. खिडकी मोठी केल्यावर पिक्सेल धुरकट दिसत असतील तर स्केलिंग ‘निअरेस्ट’वर ठेवा आणि एसडीएलला तार्किक माप ६४०×४८० सांगा. हे फंक्शन एसडीएल ३ मध्ये नाव बदलून आले आहे. तूर्त एसडीएल २ वर थांबणेच सोयीचे.

चित्रावर मराठी लिहायचे तर जुने सीएचआर फॉन्ट उपयोगाचे नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटचे, आणि ‘आउटटेक्स्टएक्सवाय’ बाइटमागे एक अक्षर काढतो. ‘कि’ लिहिले की सहा वेडी चिन्हे उमटतात. त्यासाठी एसडीएल-टीटीएफ ही फॉन्टची लायब्ररी जोडावी, तीही अक्षरांची मांडणी करणाऱ्या हार्फबझसह बांधलेली, म्हणजे २.०.१८ किंवा पुढची. हार्फबझशिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे सुटतात.

परवान्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, म्हणून लिहितो. बोरलंडने टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ विनामूल्य उपलब्ध केल्या होत्या. प्रयोगशाळांत फिरते ती बहुधा ३.०. एसडीएल २ आणि एसडीएल-बीजीआय झीलिब परवान्याखाली आहेत. ती महाविद्यालयाने वाटली, बदलली, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर टाकली तरी कोणाला विचारायला नको.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे मागणी छोटी आहे. प्रॅक्टिकलच्या यादीत कंपायलरचे नाव असेल तर ते काढावे आणि ‘ग्राफिक्स डॉट एच शी सुसंगत कोणतीही लायब्ररी’ असे लिहावे. एक्स्टर्नल परीक्षकांना तसे लेखी कळवावे, कारण पडदा निळा दिसला नाही म्हणून गुण कापले जाण्याची भीती विद्यार्थ्यांच्या मनात खरोखरच असते. महाविद्यालयांनी उन्हाळी सुट्टीत एक मशीन नीट तयार करून त्याच्या डिस्कची प्रत बाकीच्यांवर चढवावी: एमएसवायएस२, जीसीसी, एसडीएल २, एसडीएल-बीजीआय, वर सांगितलेली दोन व्हेरिएबल, आणि ‘क्लिअरस्क्रीन’, ‘साउंड’, ‘नोसाउंड’, ‘इंट८६’ यांची भर घालणारे एक स्थानिक हेडर. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर दुसऱ्या मशीनवर नेला आणि ‘एसडीएल२ डॉट डीएलएल सापडत नाही’ असे आले, तर लायब्ररीला दोष देऊ नये; लायब्ररीच्या डीएलएल फाइली ईएक्सई फाइलशेजारीच ठेवायच्या असतात.

आपले,
संगणक ग्राफिक्स शिकवणारे काही अध्यापक व या क्षेत्रात काम करणारे अभियंते, पुणे